टॅपेट सेट करूनही टकटक परत येते तेव्हा

गाडीच्या इंजिनमधून टकटक येऊ लागते, आपण टॅपेट सेट करून (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट, म्हणजे गॅप, बसवून) आणतो, पंधरा-वीस दिवस बरे जातात आणि एका सकाळी सेल मारला की परत तेच. माझ्या गाडीनं एका वर्षात हे तीनदा केलं. तिन्ही वेळा गॅरेज वेगळं होतं आणि उत्तर एकच मिळालं: "टॅपेट वाजून रायले, भाऊ." उत्तर खोटं नव्हतं. टॅपेटच वाजत होते. पण ते परत परत का सैल होतात हे कुणी पाहिलं नाही, मीही विचारलं नाही, आणि त्यात वर्ष गेलं. तुमचंही वर्ष जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गाडी जुनी सात सीटर डिझेल. चार सिलिंडर, डिझेलचा मेकॅनिकल पंप, हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) सगळे रॉकर ज्यावर बसतात तो रॉकर शाफ्ट. आमचं गाव अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी-वरुड पट्ट्यात. गाडीचं निम्मं आयुष्य संत्र्याची बाग आणि डांबरी रस्ता यांच्यामधल्या काळ्या मातीच्या पांदणीवर गेलेलं आहे. ही पांदण लक्षात ठेवा, शेवटी कारण तिच्यापाशीच निघालं.

आधी डिपस्टिक

पाना हातात घेण्याआधी ऑइल बघा. गाडी सपाट जागेवर हवी. धुऱ्यालगत तिरपी उभी असलेली गाडी खोटी पातळी दाखवते. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, परत घाला, मग वाचा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल पुरं करा आणि आवाज पुन्हा ऐका. बऱ्याच गाड्यांचा प्रश्न इथेच मिटतो. पण ऑइल गेलं कुठे, हे शोधायचं काम मग उरतंच.

पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही वाईट. जास्तीचं ऑइल फिरत्या क्रँकखाली (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याखाली) घुसळलं जातं, त्याचा फेस होतो, आणि ज्या गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या प्रेशरवर गॅप आपोआप भरणारे, टॅपेट आहेत त्यांत हा फेस शिरला की टॅपेट टिकटिक करू लागतात. आपण काहीच न भरता पातळी वाढली असेल आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर नोझल (डिझेलचा इंजेक्टर) गळतोय किंवा पंपाचं सील गेलंय. ऑइल डिझेलनं पातळ होतंय. ही टकटक टॅपेट सेट करून जाणार नाही, आणि अशी गाडी चालवत राहिलं तर बेअरिंगं जातील.

ऑइलच्या दिव्याबद्दल एक गैरसमज फार आहे. दिवा पेटत नाही म्हणजे प्रेशर ठीक आहे, असं लोक धरून चालतात. दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच पेटतो. त्याच्या आधीच वरच्या रॉकरपर्यंत ऑइल पोचणं कमी झालेलं असू शकतं. शंका असेल तर प्रेशर स्विच काढून त्या भोकात गेज बसवून गरम इंजिनवर प्रेशर मोजून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या दुपारी गरम इंजिन स्लोवर असताना दिवा मिचमिचला, तर गाडी तिथेच बंद करायची. झाड शोधत पुढे न्यायची नाही.

आणि "जाड ऑइल टाका, आवाज दबते" हा सल्ला मानू नका. दबतो, हे खरं आहे. पण ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनमध्ये २०डब्ल्यू-५० ओतलं तर सेल मारल्यावर ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि झीज त्याच सेकंदांत होते. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिला आहे तोच टाका. पिंपातलं सुटं ऑइल तर कुठल्याच गाडीत नको.

मग नुसतं ऐका

गावात ट्रॅक्टर आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. चौथ्यांदा आवाज आला तेव्हा मी गाडी त्यांच्या छपरीसमोर उभी केली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "थंड्या इंजिनवर वाजते का गरम झाल्यावर? चढावर वाढते का? रेस मारली त आवाज पातळ होते का जाड?" तीनपैकी एकाचंही उत्तर मला नीट देता आलं नाही. ते म्हणाले, "जा, दोन दिवस ऐक. मंग ये."

ते दोन दिवस फार कामाचे ठरले. ऐकायची सोपी जागा म्हणजे भिंत. आमच्या शाळेच्या आवाराची लांब भिंत रस्त्याला लागून आहे. काचा खाली करून तिच्या कडेनं हळू गेलं की इंजिनचा आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. गावात अशी एखादी भिंत असतेच. एकदा थंड इंजिनवर, एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर ऐका.

हलकी, शिलाई मशीनसारखी टिकटिक वरच्या बाजूने येत असेल तर ती बहुधा टॅपेट-रॉकरची. हिची लय संथ असते. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरते, त्यामुळे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळाच उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात टिक. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर ठोका क्रँकच्या प्रत्येक फेरीला पडतो, त्याच वेगावर सेकंदाला तेरा. आकडे मोजायची गरज नाही. दोन-तीनदा लक्ष देऊन ऐकलं की फरक कळू लागतो. रॉडचा आवाज जाडही असतो, खालून येतो, रिकाम्या पिंपावर आतून कुणी ठोकावं तसा, आणि इंजिनवर लोड आला की वाढतो. हा आवाज ओळखू आला तर गाडी तालुक्याला चालवत नेऊ नका. बांधून न्या. वीस किलोमीटरच्या हट्टापायी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, मग दुरुस्त करायला काही उरत नाही.

थंड असताना जोरात, आणि गरम होता होता बंद होणारी चटचट असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग बघा. एखादा स्टड तुटलेला असतो, फटीतून गॅस सुटतो, आणि लोखंड तापून फुगलं की फट मिटते. हा आवाज टॅपेटसारखाच ऐकू येतो, म्हणून यात फसगत फार होते. खूण सोपी आहे: जिथून गॅस सुटतो तिथे काजळी धरते. डिझेल गाडीत, कुठे डिझेलची गळती नाही हे पाहून, थंड इंजिन सुरू केल्या केल्या पेटती उदबत्ती जॉइंटच्या कडेनं फिरवा. फट असेल तिथे धूर ठोक्यागणिक झटके खात बाजूला उडतो. पेट्रोलच्या किंवा गॅसच्या गाडीत मात्र हे करायचं नाही.

इंजेक्टरखालचा कॉपर वॉशर गेला तर फस्‌फस्‌ मिसळलेली टकटक येते आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो. फक्त चढावर, वरच्या गिअरमध्ये रेस दिली की येणारी किणकिण पेट्रोल गाडीत टायमिंगची किंवा खराब पेट्रोलची असते. पेट्रोल इंजेक्टरची बारीक, एकसारखी टिकटिक हा दोष नाहीच, त्यावर पैसे घालवू नका.

जागा पक्की करणं

लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याची मूठ कानाच्या पाळीपुढच्या हाडाला टेकवा आणि टोक इंजिनच्या एकेका ठिकाणी ठेवा: टॅपेट कव्हर, मग ब्लॉक, मग खाली ऑइल चेंबर, मग डायनामो. जिथे आवाज टोचतो तिथे तो आहे. त्याआधी डोक्याला किंवा गळ्याला बांधलेला दुपट्टा काढून गाडीत ठेवा. फॅन आणि पट्टा दुपट्टा ओढायला क्षणही लावत नाहीत, आणि दुपट्ट्यासोबत माणूस ओढला जातो.

आवाज पट्ट्याच्या बाजूनं वाटला तर पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर तो डायनामो, आयडलर किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा होता. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, कारण वॉटर पंप बहुधा त्याच पट्ट्यावर असतो. आणि गाडी जागची हलवू नका: बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागे बसवलेला असतो, पट्टा नाही तर ब्रेक दगडासारखा लागतो.

सिलिंडर तोडून बघणं ही पुढची पायरी. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन स्लोवर ठेवून एका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा. डिझेल बाहेर थेंबतं आणि तो सिलिंडर बंद पडतो. आवाज एकदम बदलला किंवा गेला, तर तो त्या सिलिंडरच्या नोझलचा किंवा रॉडचा. काहीच फरक पडला नाही, तर आवाज वरचा, व्हॉल्व्हच्या बाजूचा.

हे कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरच्या नव्या डिझेल गाडीत कधीही करू नका. तिथे पाइपात प्रेशर हजार बारच्याही वर जाऊ शकतं. सैल नटातून सुटलेली डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते, आणि जखम दिसायला सुईच्या टोकाएवढी असली तरी बोट कापायची वेळ येऊ शकते. तिथे फक्त इंजेक्टरचा इलेक्ट्रिक कनेक्टर काढायचा. पेट्रोल गाडीतही इंजेक्टरचाच कनेक्टर काढा. नुसती प्लगची वायर काढली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो.

माझ्या गाडीत चारही पाइप एकेक करून सैल केले. आवाजात काडीचा फरक नाही. स्क्रू ड्रायव्हर टॅपेट कव्हरच्या मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरवर टोचत होता. म्हणजे टॅपेटच, आणि तोही एकच.

गेज खोटं बोलते

मिस्त्रींनी कव्हर काढलं. इंजिन हातानं फिरवून चौथ्या सिलिंडरचा गॅप फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पोलादी पातीनं) मोजला. बरोबर निघाला! पात सरकताना जेवढी ओढ हातात लागावी तेवढीच लागत होती. तिन्ही गॅरेजवाल्यांनी प्रामाणिकपणे काम केलं होतं, हे तेव्हा कळलं.

मग त्यांनी रॉकर सैल करून मागे सरकवला आणि त्याच्या टोकाच्या खालची बाजू, जी व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसते ती, माझ्याकडे वळवली. "नख फिरव." नख फिरवलं तर मधोमध अडकलं. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या आकाराची एक गोल वाटी तिथे झिजून पडली होती, कडेला बारीक धार आली होती. बाजूच्या रॉकरवर नख काचेवरून जावं तसं गेलं.

सगळा घोळ इथे आहे. फिलर गेजची पात सरळ असते. ती या वाटीच्या दोन काठांवर, नालीवर फळी टाकावी तशी पडते आणि काठापासूनचा गॅप दाखवते. व्हॉल्व्हचा दांडा मात्र वाटीच्या आत जातो. त्यामुळे खरा गॅप पातीनं दाखवलेल्या गॅपपेक्षा वाटीच्या खोलीएवढा जास्त. गेजवर ०.३ मिलिमीटर दिसतो आणि प्रत्यक्षात ०.४ किंवा ०.५ असतो. सेटिंग करताना काठ थोडा घासला जातो, ऑइल ताजं असतं, म्हणून काही दिवस आवाज दबतो. मग परत.

तुमच्या गाडीत टॅपेट दुसऱ्यांदा वाजले असतील तर गॅप मोजू नका, आधी रॉकर उलटा करून बघा. नख अडकलं तर रॉकर बदला. बारीक ओरखडा असेल तर काही मिस्त्री ऑइल स्टोनवर घासून देतात, पण वरचा कडक थर गेला की खालचं लोखंड मऊ असतं आणि महिन्या-दोन महिन्यांत वाटी परत पडते. मी नवा रॉकर घेतला, सोबत ॲडजस्टिंग स्क्रू आणि लॉकनटही नवे. जुना लॉकनट आटे गेल्यामुळे हातानं फिरत होता. आवाज परत येण्याचं ते दुसरं कारण.

आता एकच रॉकर का झिजला? मिस्त्रींनी कव्हर उघडं ठेवूनच इंजिन स्लोवर दहा सेकंद चालवलं. आठपैकी सात रॉकरवर ऑइल ओघळत होतं. आठवा, तोच, कोरडा. शाफ्ट काढला. तो आतून पोकळ असतो आणि प्रत्येक रॉकरखाली त्याला एक बारीक भोक असतं, त्यातून ऑइल येतं. सायकलच्या ब्रेकच्या केबलची एक तार सोडवून त्यांनी त्या भोकात घातली. बाहेर काळा, घट्ट, बोटावर चोळला की मलमासारखा पसरणारा गाळ आला. शाफ्टच्या टोकाचा प्लग काढला तर आत तसाच गाळ इंचभर. भोक टोकाचं, म्हणून गाळ तिथे साठला.

शाफ्ट डिझेलनं धुतला, प्रत्येक भोकातून हवा मारली, परत बसवला. तुम्ही हे करताना शाफ्टची बाजू खूण करून ठेवा. उलटा बसवला तर भोकं वर येतात आणि सगळेच रॉकर कोरडे चालतात.

सेटिंगबद्दल

चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये जोड्या असतात: १-४ आणि २-३. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असतील, म्हणजे एक बंद होत असतानाच दुसरा उघडत असेल, तेव्हा पहिल्याचे दोन्ही मोकळे असतात. ते सेट करा. पहिल्याचे झुलले की चौथ्याचे. दोन-तीनचंही तसंच. गॅप थंड इंजिनवरचा दिलाय की गरम, हे मॅन्युअलमध्ये बघा. लॉकनट कसल्यावर गॅप परत मोजा, कारण कसताना स्क्रू थोडा फिरतोच.

आवाज अजिबात नको म्हणून गॅप कमी ठेवायचा हट्ट धरू नका. सैल टॅपेट वाजतो, पण ताठ टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसला तरच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा जरी उघडा राहिला तर कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि हेड उतरवावं लागतं.

मारुती ओम्नीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आमच्याकडे त्या अजून खूप आहेत. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, रॉकरवर स्क्रू. तीन सिलिंडर असल्यामुळे वरच्या जोड्या इथे चालत नाहीत. प्रत्येक सिलिंडर त्याच्या कॉम्प्रेशनच्या टोकाला (पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणूनच सेट करावा लागतो. आणि गॅसवर चालणाऱ्या ओम्नीत उलटं घडतं: व्हॉल्व्हची सीट खचते, गॅप वाढण्याऐवजी कमी होतो, आवाज उलट बंद होतो आणि सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. म्हणून गॅसच्या गाडीत टॅपेट वाजत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, गॅप वेळेवर मोजा.

पांदण

गाळ कुठून आला, याचं उत्तर माझ्या वहीत होतं. मी ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदलतो आणि तारीख लिहितो. त्या हिशेबात मला काही चूक दिसत नव्हती. मिस्त्रींनी विचारलं, "पाच हजार कोन्त्या रस्त्याचे?"

मी बसून हिशेब केला. डांबरी रस्त्यावर ताशी ७० च्या चालीनं ५,००० किलोमीटर म्हणजे इंजिनचे ७१ तास. पांदणीवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० नं तेच अंतर म्हणजे २५० तास. वर धूळ. वर मजूर चढेपर्यंत आणि क्रेट भरेपर्यंत इंजिन चालूच ठेवायची सवय. मीटरवर ५,००० दिसत होते, पण ऑइलनं कितीतरी जास्त काम केलं होतं. मिस्त्रींना हे लगेच सुचलं, कारण ट्रॅक्टरचं ऑइल सगळे तासांवरच बदलतात. शेतात राबणारी जीप किंवा पिकअप इंजिनच्या दृष्टीनं ट्रॅक्टरच्याच जवळची आहे.

आता मी तीन हजाराला बदलतो आणि संत्र्याच्या तोडीच्या महिन्यांत त्याच्याही आधी. फिल्टर प्रत्येक वेळी ऑइलसोबतच. एअर फिल्टर दर आठवड्याला काढून झटकतो. क्रेट भरताना इंजिन बंद.

गाळ खूप असेल तर फ्लशिंगची बाटली ओतायचा मोह होतो. जुन्या इंजिनमध्ये मी ते करणार नाही. सुटलेला गाळ एकदम खाली जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर सगळ्या इंजिनचं ऑइल तुटतं. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाकून पहिल्यांदा १,००० किलोमीटरलाच बदलायचं, परत एकदा तसंच. गाळ हळूहळू निघून येतो.

दुरुस्तीनंतर ५०० किलोमीटरनी मी स्वतः कव्हर उघडलं. आठवा रॉकर ऑइलनं चमकत होता, नख कुठेच अडकलं नाही, गॅप ठेवला तेवढाच होता. थंड्या इंजिनवर पहिलं मिनिटभर एक बारीक चटचट अजून येते, ती मॅनिफोल्डच्या मागच्या स्टडची आहे. तिथे काजळी दिसते. स्टड हेडमध्येच तुटलाय, ड्रिल करून काढावा लागेल. तोड संपली की ते काम घेतो.